चार जाड चकत्या

गॅरेजगल्लीत त्याला सगळे ‘वरचा मिस्त्री’ म्हणायचे. कारण साधं. इंजिनाचं वरचं झाकण उघडून आत हात घालायचा तो त्यानेच. झाकणाच्या खाली काहीही पेटलेलं असो, त्याने कधी बोट लावलं नाही. क्लच, गिअर, साखळी ही त्याच्या लेखी खालच्यांची कामं. एखादी गाडी कुणालाच दाद देईना झाली की गल्लीतले टवाळ आभाळाकडे बोट करून म्हणायचे, आता वरच्याच्याच हातात आहे. तो ऐकून न ऐकल्यासारखं करायचा, पण ओठाचा एक कोपरा हलायचा. आवडायचं त्याला ते.

माणूस बुटका, काटकुळा. शर्टाच्या बाह्या उन्हाळ्यातही मनगटापर्यंत बंद. गॅरेज म्हणजे दहा बाय बाराची पत्र्याची शेड. एक बाक, एक पाना-फळी, भिंतीला एक आरसा. आरसा तोंड बघायला नव्हता, इंजिनाच्या मागची बाजू बघायला होता. तीस वर्षांत त्याने एकच काम केलं, आणि ते असं केलं की दोनशे मैलांवरून माणसं गाडी टेम्पोत घालून आणायची.

काम काय, ते नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. जुन्या, दोन कॅमच्या मोटरसायकली असतात. त्या बनवणं बंद होऊन जमाना लोटला. त्यांच्या इंजिनात वर दोन फिरते दांडे असतात, तेच कॅम. दांड्याचा उंचवटा फिरत आला की खालचा व्हॉल्व्ह दाबून उघडतो. दोघांच्या मध्ये एक पोलादी चकती बसते, मोठ्या नाण्याएवढी. शिम म्हणतात तिला. ही चकती आणि कॅम यांच्यात डोक्याच्या केसाएवढी फट राहिली पाहिजे. फट वाढली की इंजिन टकटक करतं, शेजारीपाजारी शिव्या घालतात, पण गाडी मरत नाही. फट कमी झाली की इंजिन गोड चालतं. मात्र तापलं की व्हॉल्व्ह लांबतो, उरलीसुरली फट संपते, व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही. मग आतली आग त्याच्या कडेने निसटत राहते, आणि कुठल्यातरी चढावर ती कड जळून गाडी बसते. मिस्त्री म्हणायचा, टकटक करणाऱ्या गाडीच्या शेजारी मला झोप लागते, चिडीचूप गाडी माझी झोप उडवते.

फट कमीजास्त करायला दुसरा उपाय नाही. चकती काढायची, तिच्या जागी जाड किंवा पातळ चकती घालायची. आणि फट मोजायला पातळ पट्ट्यांचा एक जुडगा असतो, गेज. पट्टी फटीत सरकवायची आणि ओढायची. किती अडकते, त्यावरून ठरवायचं. पट्टीवर आकडा असतो, तो कोणीही वाचेल. अडकणं वाचायला बोटं लागतात. मिस्त्री पट्टी आत घालून तोंड भिंतीकडे फिरवायचा आणि हळू ओढायचा. वहीच्या दोन पानांमधून तिसरं पान ओढल्यासारखं लागलं पाहिजे, असं त्याचं माप. एकदा पट्टी ओढली, मनात हिशेब केला, चकती बदलली की झालं. पुन्हा पट्टी घालून बघायची त्याला सवय नव्हती. समोरच्या शेडमधल्या एका पोराने एकदा विचारलंही होतं, काका, परत चेक नाही करत? तो म्हणाला होता, जेवल्यावर पोट भरलं का ते दाबून बघतोस का तू?

हा विचारणारा म्हणजे डिजिटल. वय तिशीच्या आत, लग्न झालेलं, स्वतःची शेड. सगळी मापं आकड्यांच्या पडद्याची वापरतो म्हणून डिजिटल. मिस्त्री त्याची टिंगल करायचा आणि अवघड गाडी आली की त्यालाच झाकण धरायला बोलवायचा.

गल्लीत एक डबाही होता, पत्र्याचा, बिस्किटांचा. या चकत्या नव्या मिळत नाहीत. म्हणून गल्लीतल्या पाच-सहा जणांनी आपापल्या चकत्या एकत्र केल्या होत्या. एक घ्यायची तर एक टाकायची. चकती काचेवर घासून पातळ केली असेल तर नवा आकडा तिच्यावर ओरखडायचा, त्याशिवाय डब्यात टाकायची नाही. डबा मिस्त्रीच्या बाकाखाली असायचा, कारण त्याच्या ओरखड्यावर कुणी मापयंत्र लावत नसे. आता डब्यातली एक गंमत अशी, की या इंजिनात व्हॉल्व्ह वर्षानुवर्षं आपल्या बैठकीत रुतत जातो आणि फट आपोआप कमी होत जाते. म्हणून दर वेळी जाड चकती निघते आणि पातळ आत जाते. डब्यात जाड चकत्यांचा ढीग, पातळ चकत्यांची मारामार, हे कायमचंच.

मी या गल्लीत आलो तो वेगळ्याच कारणाने. गॅरेजमध्ये काम करणाऱ्यांची आमची संघटना आहे, छोटी, पण कुणाच्या बापाला भीक न घालणारी. ब्रेक आणि इंजिन साफ करायचा एक स्वस्त स्प्रे सगळीकडे आला होता. मारला की दोन सेकंदांत ग्रीस गायब. लोक त्याने पार्ट धुवायचे आणि मग हातही धुवायचे. पंखा नाही, खिडकी नाही, हातमोजे तर लग्नातही कुणी घातले नसतील. दुसऱ्या एका वस्तीतल्या तीन जणांच्या बोटांची जाणीव गेली होती. एकाला चप्पल पायातून निघालेली कळत नव्हती. मी शाळा सातवीत सोडलेला माणूस, पण डॉक्टरांचे कागद एकेक शब्द शोधून वाचले. नसांना मारणारा पदार्थ त्या स्प्रेत होता आणि त्याच्या डब्यावर एवढ्या बारीक अक्षरात लिहिलं होतं की मुंगीलाही चष्मा लागावा. मला जबाब हवे होते. नाव, काम, किती वर्षं, काय होतंय, खाली सही. दहा-बारा जबाब झाले असते तर आरोग्य खात्याच्या साहेबाच्या टेबलावर आपटता आले असते.

मिस्त्रीबद्दल मला सांगितलं त्याच्या बायकोने. वहिनी एका वसतिगृहाच्या धुलाईघरात कामाला. आमच्या सभेला ती शेवटच्या रांगेत बसली होती आणि सगळे गेल्यावर थांबली. म्हणाली, यांना शर्टाची बटणं मीच लावून देते, चार महिने झाले. चहाचं पातेलं उघड्या हाताने उतरवलं, कातडी सोलली, आणि हे विचारतात कसला वास येतोय. कुणाला सांगू नको म्हणून माझ्या गळ्याची शपथ घातली आहे, ती मी आता मोडली, तर तुम्ही तरी काहीतरी करा.

दुसऱ्याच दिवशी मी कागद घेऊन शेडमध्ये हजर. मला सबुरी नावाची गोष्ट जमत नाही. सरळ विचारलं, मिस्त्री, बोटं बधिर होतात का? त्याने गेज बाकावर ठेवलं, माझ्याकडे नीट बघितलं आणि म्हणाला, या पुढारी, तुमचीच वाट बघत होतो, झाडू मारायला माणूस नाही आज. मी त्याच्या बाकावरच्याच स्प्रेचं सांगितलं, नसांचं सांगितलं. तो ऐकत होता, आणि ऐकता ऐकता हात मागे नेत होता. शेवटी म्हणाला, माझ्या बोटांवर गल्ली चालते, उद्या तुम्ही लिहून नेलंत की वरच्या मिस्त्रीचे हात गेले, की परवा माझ्या दारात कुत्रं येणार नाही. तुमचा कागद मोठा होईल, मी लहान होईन. मीही तापलो. म्हटलं, लपवून बोटं परत येणार आहेत का? त्याने मला दार दाखवलं. दार नव्हतंच, पत्रा होता, तो दाखवला.

यानंतर तीन आठवडे मी तिकडे फिरकलो नाही. मानापमान मलाही कळतो.

मग सिस्टरची गाडी आली. सिस्टर म्हणजे सरकारी दवाखान्यातली नर्स, चाळिशीची, उंचनिंच, केस आखूड. वडिलांची जुनी दोन कॅमची गाडी ती चालवायची, हौस म्हणून नव्हे, डोंगरातल्या उपकेंद्रांवर जायला दुसरं काही वेळेत मिळत नाही म्हणून. महिन्यातून दोनदा मागच्या कॅरिअरला लसींची थंड पेटी बांधून एकटी नव्वद मैल जायची. पैकी चाळीस मैल नुसता चढ, आणि त्यात फोन लागत नाही. सर्व्हिसला गाडी मिस्त्रीशिवाय कुणाला देत नसे. त्या दिवशी तिला दुपारी दोनला निघायचं होतं. आदल्या दिवशी तिने गाडी टाकली होती आणि मिस्त्रीने सकाळी इंजिन गार असताना टॅपेट लावले होते, म्हणजे याच फटी जुळवल्या होत्या. चार व्हॉल्व्ह, चार चकत्या.

अकरा वाजता ती गाडी न्यायला आली. पुढचं मला डिजिटलने सांगितलं, आणि नंतर मिस्त्रीनेही, आणि दोघांच्या सांगण्यात फरक नव्हता. सिस्टरने किक मारली. इंजिन लागलं आणि कापूस पिंजल्यासारखं चालायला लागलं. टिकटिक नाही, काही नाही. समोरचे दोन-तीन जण हातातलं काम टाकून आले. कोणी म्हणालं, शिवणयंत्रसुद्धा यापेक्षा भांडकुदळ असतं. डिजिटल म्हणाला, काका, मानलं. सिस्टरने हँडलवर थाप मारली आणि म्हणाली, मिस्त्री, नवी करून दिलीत. मिस्त्री फडक्याला हात पुसत उभा होता. हात स्वच्छ होते तरी पुसत होता. सिस्टर गेली.

साडेबाराला डिजिटल चकती मागायला आला. त्याला एक जाड चकती हवी होती, घासून पातळ करायला. जाडांचा काय तोटा, म्हणून त्याने डब्यात न बघताच हात घातला. मग खाली बसला. मग डबा बाकावर पालथा केला. जाडांच्या ढिगात चार कमी होत्या आणि त्यांच्या बदल्यात चार पातळ येऊन पडल्या होत्या. अशा गाडीत एखाद्या व्हॉल्व्हला कधीमधी जाड चकती लागू शकते. चारच्या चार जाड? त्या गल्लीत पाय ठेवलेल्या कुणालाही ते उलटं आहे हे कळलं असतं. दांडीवर वाळत घातलेले कपडे वाळायच्या ऐवजी ओले व्हावेत, तसं.

मी त्याच वेळी तिथे पोचलो. खोटं कशाला बोलू, भांडण मिटवायला नव्हे, पुन्हा एकदा सहीसाठी गळ घालायला. बघतो तर डिजिटल चार चकत्या तळहातावर घेऊन उभा आणि मिस्त्री बाकावर बसलेला, पाठ वाकवून. डिजिटल विचारत होता, काका, पट्टी किती ढिली लागली होती? मिस्त्री म्हणाला, काहीच लागलं नाही. म्हणून वाटलं फट मोठी आहे.

मला उलगडायला थोडा वेळ लागला. पट्टी अडकत होती. ती जोराने आत जात होती, जोराने बाहेर येत होती, आणि बोटांना त्यातलं काही पोचत नव्हतं. बोटांना काही लागलं नाही, म्हणून पट्टी मोकळी सरकते आहे असं त्याने धरलं. मोकळी सरकते, म्हणजे फट फार. फट फार, म्हणजे जाड चकती. चारही ठिकाणी तोच हिशेब, आणि पुन्हा पट्टी घालायची सवय नाही. डिजिटलने गेज उचलून उजेडात धरलं. पट्टीच्या दोन्ही अंगांना घासल्याच्या ताज्या चकचकीत रेघा होत्या.

“तुम्हाला कळलं नव्हतं?” मी विचारलं.

“लावताना नव्हतं कळलं,” तो म्हणाला. “तिने किक मारली तेव्हा कळलं.”

कान शाबूत होते त्याचे. त्या गोड आवाजाची गल्लीभर तारीफ चालली होती, आणि गल्लीत एकट्या त्याला कळत होतं की हे वाईट आहे.

घड्याळात पाऊण वाजला होता. मिस्त्रीने खिशातून फोन काढला आणि माझ्यापुढे धरला. म्हणाला, तुम्ही लावा. तुम्ही बोलण्यात हुशार. सांगा की एक नट चुकून जुना बसलाय, बदलायचाय, गाडी परत पाठवा. माझ्या बोटांचं बोलू नका.

आता मी काय केलं ते लिहितो. न लिहिलं तर हा कागद फाडून टाकावा लागेल. मी पिशवीतून जबाबाचा कागद काढला आणि म्हटलं, फोन करतो, पण आधी यावर सही. मला त्या क्षणी ते बरोबर वाटलं. असा मोका पुन्हा येणार नाही, असंच डोक्यात होतं.

मिस्त्री माझ्याकडे बघत राहिला. रागावला असता तर बरं झालं असतं.

“बाई रस्त्याला लागतेय,” तो म्हणाला, “आणि तुम्ही कागद काढताय.”

मी कागद आत घातला, पण तोवर तो उठला होता. फोनही त्याने मला दिला नाही. डिजिटलला म्हणाला, गाडी काढ. डिजिटलने शेड उघडी टाकली, मिस्त्रीला मागे बसवलं आणि दोघे निघाले. मी माझी खटारा स्कूटर घेऊन मागे. सिग्नलला मी त्यांना गाठलं तेव्हा मिस्त्री मागच्या कड्याला धरून बसला होता आणि आपले हात खरंच धरून आहेत का, हे वळून वळून बघत होता.

दवाखान्याच्या मागच्या आवारात सिस्टर पेटीचे पट्टे आवळत होती. दोन वॉर्डबॉय आणि रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर गप्पा छाटत उभे. मिस्त्री उतरला. मला वाटलं हा आता नटाचीच गोष्ट सांगेल. इतक्या लोकांत मीही तेच केलं असतं.

“सिस्टर, गाडी नेऊ नका,” तो म्हणाला. “मी टॅपेट चुकवलेत. माझ्या बोटांना काही लागत नाही. पाच-सहा महिने झाले.”

सिस्टरच्या हातातला पट्टा तसाच राहिला. ड्रायव्हर दोन पावलं जवळ आला.

“तुम्हाला हे सकाळी माहीत होतं?”

“लावताना नाही. तुम्ही सुरू केलीत तेव्हा कळलं.”

“मग?”

“मग लोक बघत होते.”

किल्ली काढून तिने एप्रनच्या खिशात टाकली. आवाज चढवला नाही, पण एकेक शब्द मोजून म्हणाली की वरच्या केंद्रावर चाळीस बायका पोरांना कडेवर घेऊन सकाळपासून येऊन बसल्या आहेत. काही जणी दोन डोंगर उतरून. त्यांना आता निरोप जाणार की आज नाही, उद्या. त्यातल्या किती उद्या येतील, सांगता का मिस्त्री? मिस्त्रीने मान खाली घातली नाही. ऐकून घेतलं. मला वाटतं, त्याला ते ऐकायचंच होतं.

नंतर तिने त्याला पायरीवर बसवलं. एक सुई आणली. म्हणाली, हात इकडे द्या आणि तोंड तिकडे करा, टोचलं की सांगा. मिस्त्रीने तोंड भिंतीकडे केलं. पट्टी ओढताना करायचा तसंच. ती एकेक बोट घेत गेली. पहिलं, दुसरं, तिसरं. मिस्त्री शांत बसला होता. जरा वेळाने म्हणाला, टोचा ना, काय झालं? तोवर तीन बोटांवर रक्ताचे ठिपके आले होते. डिजिटल तिथून उठून नळावर गेला आणि उगाच तोंड धूत राहिला.

इंजिन गरम होतं, त्यामुळे त्या दिवशी काही करता येणार नव्हतं. गार इंजिनावरच माप घ्यावं लागतं. गाडी दवाखान्याच्या शेडमध्ये रात्रभर राहिली. सकाळी सातला आम्ही तिघे तिथे. डिजिटलने झाकण उघडलं, स्वतःचं गेज काढलं. दोन ठिकाणी फट निम्म्याहून कमी. तिसऱ्या ठिकाणी सगळ्यांत पातळ पट्टी कशीबशी गेली. चौथ्याला फटच नव्हती. चाळीस मैलांचा चढ ही गाडी चढली नसती, हे डिजिटल म्हणाला नाही, पण पाना ठेवून थोडा वेळ हाताची घडी घालून उभा राहिला.

मिस्त्री एका उलट्या खोक्यावर बसला होता. काहीच न करता बसणं त्याला येत नव्हतं. तो विचारायचा, पट्टी कशी लागते, चिकट की कोरडी? डिजिटल म्हणायचा, काका, मला तसलं नाही कळत, मी आकडा सांगतो. मिस्त्री म्हणायचा, आकडा सांग, पण हातालाही विचार. दोघे असे तासभर. शेवटच्या व्हॉल्व्हपाशी डिजिटल एकदम थांबला, पट्टी मागेपुढे केली आणि जरा लाजून म्हणाला, पान ओढल्यासारखं लागतंय काका. मिस्त्रीने मान हलवली. मग म्हणाला, आता चारही परत बघ. डिजिटलने चारही परत बघितले. मिस्त्रीने तिसऱ्यांदाही बघायला लावले.

सिस्टर नऊला गेली. इंजिन हलकंसं टिकटिकत होतं. जाताना तिने मिस्त्रीला हात केला की नाही, यावर डिजिटलचं आणि माझं अजून एकमत नाही.

त्यानंतर जे झालं ते मिस्त्रीने आधीच सांगून ठेवलं होतं. ड्रायव्हरकडून बातमी गल्लीत यायला दुपारही लागली नाही. कुणी वाईट बोललं नाही, तेच वाईट. ज्यांनी वीस वर्षं त्याला हक्काने शिव्या दिल्या ते अदबीने बोलायला लागले. मिस्त्री, बसा. मिस्त्री, आराम करा. टेम्पोतून आलेल्या गाड्या समोरच्या शेडमध्ये उतरायला लागल्या. डिजिटल प्रत्येक गाडीला काकांना हाक मारायचा. काका दोन-चारदा गेला, मग जाईनासा झाला. पाहुण्यासारखं खुर्चीवर बसून सल्ला द्यायला त्याचा जीव होईना. सिस्टरने ओळखीच्या डॉक्टरकडे नेलं. रक्तातली साखर ठीक निघाली. नसांची तपासणी झाली. डॉक्टर म्हणाले, स्प्रे, पेट्रोल, थिनर सगळं बंद करा. जाणीव थोडी परत येईल, कदाचित नाहीही येणार, सांगता येत नाही. मिस्त्रीने विचारलं, केसाएवढं कळेल इतकी येईल का? डॉक्टरांना तो प्रश्न समजला नाही.

मी घरी गेलो ते पंधरा दिवसांनी. कागद नेला नव्हता. माफी मागायला गेलो होतो, पण मला माफी मागता येत नाही, मी भांडल्यासारखी मागतो. त्याच्या घरात एक खोली आणि तिच्या मागे मोरी. वहिनी नुकतीच कामावरून आली होती. मिस्त्री खिडकीशी. मी म्हटलं, त्या दिवशी माझं चुकलं, आणि तुम्हाला काय बोलायचं असेल ते बोला, एकदाच काय ते होऊन जाऊ दे. तो म्हणाला, कागद आणलात का?

मी नाही म्हटलं.

“मग कोऱ्यावर लिहा,” तो म्हणाला. “स्प्रेचं लिहा, बोटांचं लिहा. आणि हेही लिहा, की मला आवाजावरून कळलं होतं आणि मी बाईला जाऊ दिलं.”

मी पेन थांबवलं. त्याला समजावलं, कारण असले जबाब मी कोळून प्यालो आहे. म्हटलं, मिस्त्री, ही ओळ जबाबात गेली की साहेब बाकीचं वाचणारच नाही. म्हणेल, बघा, स्प्रे नव्हे, मिस्त्रीचाच निष्काळजीपणा. कंपनीवाला तर ती ओळ फ्रेम करून लावेल. तुमचं खरं बोलणं त्यांच्या कामाला येईल. तो म्हणाला, येऊ दे. म्हटलं, तुमच्याबरोबर बाकीच्या नऊ जणांचं नुकसान होईल. यावर तो अडला. वहिनीही म्हणाली, अहो, कशाला ते, झालं गेलं, बाई सुखरूप आहे, तेवढी ओळ गाळा ना.

तो तिच्याकडे वळला. “बटणं तू लावत होतीस, तरी मी कुणाला सांगितलं नाही,” तो म्हणाला. “हात लपवले म्हणून तर ती गाडीवर बसली. स्प्रेने बोटं नेली. लपवलं ते मी. अर्धंच लिहिलं तर पुढचा मिस्त्रीपण लपवेल, आणि त्याची बाई चढावर असेल.”

आम्ही भांडलो. चांगला तासभर. मी आवाज चढवला, त्याने चढवला, वहिनीने दोघांना शेजाऱ्यांची आठवण करून दिली. शेवटी मी हरलो, असं लिहायला मला जड जातंय, पण हरलो. ओळ लिहिली. त्याने वहिनीला ती दोनदा वाचायला लावली. तिने कागद माझ्या हातात परत दिला आणि ती मोरीत जाऊन भांडी घासू लागली, गरज नसताना, जोराने.

सहीला त्याने पेन घेतलं. पेन बोटांतून फिरलं, पडलं. उचललं, पुन्हा पडलं. मी म्हटलं, अंगठा चालेल. त्याने माझ्याकडे रोखून बघितलं. वहिनी ओल्या हातांनी बाहेर आली आणि त्याचा हात धरायला वाकली. त्याने मान हलवून नको म्हटलं. मग पेन मुठीत धरलं, डाव्या हाताने उजवं मनगट दाबून ठेवलं आणि अक्षर न् अक्षर डोळ्यांनी बघत, पोर पाटीवर गिरवतं तसं, नाव लिहिलं. अक्षरं ओळ सोडून खाली उतरली. शेवटचं अक्षर कागदाच्या कडेला जाऊन अडलं.

त्याने ते निरखलं. म्हणाला, ही माझी सही वाटत नाही. बँकेत चालणार नाही.

वहिनी म्हणाली, इथे चालेल.

मी कागद घडी न घालता, तसाच सपाट, पिशवीत ठेवला.